रस्टलर ३६: लांब कीलच्या बोटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०२३ मध्ये भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी रस्टलर ३६ या शिडाच्या बोटीवर गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्याने न थांबता करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत, दुसरे आले. त्यानंतर ‘ती बोट कुठली होती हो?’ या प्रश्नापासून सुरुवात झाली आणि अजूनही प्रश्न थांबलेले नाहीत. शिडाच्या बोटीवर कधी पाय न ठेवलेले विचारतात, तसेच मुंबई बंदरात वर्षानुवर्षं शिडं ओढलेले जाणतेही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. आकडे मूळ डिझाइनचे आहेत. जुन्या बोटींत मालकांनी केलेल्या बदलांमुळे थोडा फरक पडतो.

१. रस्टलर ३६ म्हणजे नेमकी कुठली बोट? शर्यतीची की फिरायची?

फिरायची, म्हणजे क्रूझिंगची. इंग्लंडमधल्या ‘होल्मन अँड पाय’ या डिझाइनरांच्या जोडीने ती काढली आणि १९८० पासून ती फायबरग्लासमध्ये बांधली जाऊ लागली. रस्टलर यॉट्स ही कंपनी कॉर्नवॉलमधल्या फालमथची.

बोटीची एकूण लांबी १०.७७ मीटर, म्हणजे ३५ फूट ४ इंच. पाण्यालगतची लांबी मात्र फक्त ८.२ मीटर, कारण नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आणि मागची बाजू दोन्ही पाण्याच्या बाहेर झुकलेल्या आहेत. रुंदी ३.३५ मीटर, पाण्याखालची खोली १.६८ मीटर. वजन सुमारे ७.६ टन आणि त्यातलं ३.४ टन नुसतं बॅलास्ट, म्हणजे तळाशी मुद्दाम घातलेलं वजन. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच ठिकाणी लागेल.

२. फिरायची बोट आहे, तर जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत एवढ्या रस्टलर कशा?

गोल्डन ग्लोबच्या नियमांमुळे. १९६८ च्या मूळ शर्यतीसारखी परिस्थिती राहावी म्हणून बोट ३२ ते ३६ फुटांची हवी, डिझाइन १९८८ च्या आधीचं हवं, आणि कील पूर्ण लांबीची असून सुकाणू तिच्याच मागच्या कडेला जोडलेलं हवं. दिशा शोधायला सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र) आणि कागदी नकाशे. या चौकटीत बसणाऱ्या बोटी मोजक्याच आहेत आणि त्यांत रस्टलर लांबीच्या वरच्या मर्यादेला जवळजवळ टेकते. २०१८ च्या शर्यतीत पहिले तिघेही रस्टलर ३६ वर होते: जाँ-ल्यूक व्हान डेन हेड, मार्क स्लाट्स आणि उकू रांडमा. व्हान डेन हेड तेव्हा ७३ वर्षांचे होते.

म्हणून ‘रस्टलरच सर्वांत चांगली’ असं मात्र समजू नका. २०२२ ची शर्यत किर्स्टन नॉयशेफरने केप जॉर्ज ३६ या वेगळ्या बोटीवर जिंकली.

३. लांब कील म्हणजे काय? साध्या भाषेत सांगा.

बोटीच्या पोटाखालून पाण्यात उतरणारा जो कणा असतो ती कील. तिची दोन कामं: शिडावरच्या वाऱ्याने बोट बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात आडवं उभं राहणं आणि बॅलास्ट जमेल तितकं खाली धरणं. आजच्या बहुतेक बोटींत ही कील अरुंद आणि खोल असते, माशाच्या परासारखी, म्हणून तिला फिन कील म्हणतात. सुकाणू तिच्यापासून लांब, मागे, सुटं लटकतं.

रस्टलरमध्ये कील पुढच्या तिसऱ्या भागापासून जवळजवळ शेवटपर्यंत जाते आणि सुकाणू तिच्याच मागच्या टोकाला बिजागरीने बसवलेलं असतं. पुढचा कोपरा थोडा कापलेला आहे. तो कापला नसता तर बोट वळवणं फारच जड गेलं असतं.

या बोटीचं बहुतेक सगळं बरंवाईट याच एका निर्णयातून निघतं. सरळ चालणं, शांत हलणं, जाळ्यात न अडकणं हे सगळं त्यातून येतं. कमी वाऱ्यात सुस्तावणं आणि मागे जाताना हट्टीपणा करणं हेही त्यातूनच.

४. ३६ फुटांच्या बोटीचं वजन साडेसात टन? इतकं कशासाठी?

वजन आणि लांबी यांचं एक गुणोत्तर डिझाइनर वापरतात. ब्रिटिश ‘लाँग टनां’तल्या (१०१६ किलोच्या) वजनाला पाण्यालगतच्या लांबीच्या (फुटांत, शंभराने भागून) घनाने भागायचं. रस्टलरचं उत्तर ३८४ च्या आसपास येतं. आजच्या हलक्या क्रूझर २०० च्या आसपास किंवा त्याखाली असतात. म्हणजे ही जुन्या घडणीची, जड बोट.

जड असण्याचे फायदे किनाऱ्यावर उभं राहून कळत नाहीत. पहिला, लाट तिला झटकन उचलून आपटत नाही. खवळलेल्या समुद्रात सलग आठ दिवस काढायचे तर माणूस थकतो तो वाऱ्याने कमी आणि हिसक्यांनी जास्त. दुसरा, पाणी, डिझेल, डबे, हत्यारं, सुटे भाग असं अर्धा टन सामान भरलं तर पाच टनांच्या बोटीचं वजन दहा टक्क्यांनी वाढतं, रस्टलरचं साडेसहा टक्क्यांच्या आसपास. लांबच्या प्रवासाला निघताना ती रोजच्यासारखीच वागते.

तोटा उघड आहे. एवढं ओझं हलवायला शिडं मोठी लागतात, दोऱ्यांवरचा ताण मोठा असतो, आणि नांगरही वजनदार लागतो.

५. वेग किती?

अशा बोटीची वेगमर्यादा पाण्यालगतच्या लांबीवर ठरते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा. रस्टलरसाठी उत्तर येतं साधारण सात नॉट, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. बोट स्वतःच्याच दोन लाटांच्या मध्ये अडकते आणि पुढच्या लाटेवर चढायला ताकद पुरत नाही, म्हणून ही मर्यादा.

पण बोट वाऱ्याने कलली की झुकलेली नाळ आणि मागची बाजू पाण्याला टेकतात. पाण्यालगतची लांबी वाढते आणि मर्यादा थोडी वर सरकते. जुन्या डिझाइनरांनी ती लांब टोकं काही फक्त देखणेपणासाठी ठेवली नव्हती. (देखणी दिसतात हेही खरंच.)

व्हान डेन हेड यांना प्रदक्षिणेला २१२ दिवसांपेक्षा किंचित कमी वेळ लागला. सरासरी काढली तर साडेपाच ते सहा नॉटच्या दरम्यान. सात नॉटच्या मर्यादेच्या बोटीने सात महिने एवढी सरासरी टिकवणं ही बोटीइतकीच माणसाचीही कमाल आहे.

६. वारा कमी असेल तर?

मग धीर धरायचा. लांब कीलमुळे पाण्याला घासणारा पृष्ठभाग मोठा आहे आणि मंद वाऱ्यात बोटीला अडवतं ते मुख्यतः हे घर्षणच. सात-आठ नॉटपेक्षा कमी वाऱ्यात फिन कीलची बोट शेजारून निघून जाईल आणि तुम्ही हात हलवाल.

शिडांचं क्षेत्रफळ मात्र कंजूषपणाने दिलेलं नाही, सुमारे ६४ चौरस मीटर आहे. वजनाच्या मानाने हे प्रमाण १७ च्या घरात येतं. क्रूझिंग बोटीसाठी ते चांगलंच म्हणायचं. म्हणून ‘लांब कील म्हणजे बैलगाडी’ हा समज रस्टलरला पूर्ण लागू नाही. तळ स्वच्छ ठेवा. शेवाळ आणि शिंपले चढले की हिचं नुकसान इतर बोटींपेक्षा जास्त होतं, कारण घासणारं क्षेत्रच जास्त.

७. जोराच्या वाऱ्यात कशी वागते? पहिल्यांदा बसलेल्यांना ती फार कलते असं वाटतं.

हो, सुरुवातीला पटकन कलते. रुंदी कमी, पोट गोल, म्हणून पहिल्या झोताला सहज झुकते. आजच्या रुंद, सपाट तळाच्या बोटी सुरुवातीला ताठ राहतात आणि बसणाऱ्याला सुरक्षित वाटतं. रस्टलरमध्ये उलटा क्रम आहे. थोडी कलली की खालचं ३.४ टन वजन काम करू लागतं आणि मग ती तिथेच घट्ट उभी राहते. एकूण वजनाच्या ४५ टक्के तळाशी आहे, ते इथे उपयोगी पडतं.

वीस नॉटच्या आसपास मुख्य शिडाचा पहिला रीफ घ्यावा, म्हणजे शीड थोडं खाली बांधून लहान करावं. घेतला नाही तर नाळ आपोआप वाऱ्याकडे वळू पाहते आणि टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर, जोर वाढत जातो. रीफ घेतल्यावर वेग घटत नाही, फक्त हात दुखायचा थांबतो. उशिरा रीफ घेणं ही रस्टलरवरची सर्वांत नेहमीची चूक असते, कारण तोवर ती काही कुरकुर करत नाही.

८. टिलर सोडून दिला तर खरंच सरळ जाते का?

शिडांचा तोल नीट जुळला असेल तर वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं जाताना काही वेळ, हो. लांब कील अचानक दिशा बदलू देत नाही. त्यामुळेच विंड व्हेन या यंत्राचं काम सोपं होतं. मागे लावलेलं छोटं पातं वाऱ्याच्या कोनात बदल झाला की तो टिपतं आणि सुकाणू दुरुस्त करतं. वीज लागत नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्याचा हाच खरा सोबती.

मागून येणाऱ्या मोठ्या लाटांवर मात्र कुठलीच बोट ‘आपोआप’ चालत नाही आणि तिथे विंड व्हेनवर भयंकर ताण येतो. २०२२ च्या शर्यतीत टॉमी यांच्या विंड व्हेनची पाती तुटत गेली तेव्हा त्यांनी बोटीतल्या शौचालयाचं दार कापून नवं पातं केलं. लाकडी दाराचा असा उपयोग बोटीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

९. वळवायला जड आहे का? टॅक करताना मध्येच अडकते असं ऐकलं.

टॅक करायचा, म्हणजे वाऱ्यातून नाळ पलीकडे न्यायची, तर आधी वेग हवा. वेग नसताना टिलर जोरात ढकलला तर सुकाणूच ब्रेक होतं आणि बोट वाऱ्यात तोंड करून उभी राहते. टिलर सावकाश न्या. नाळ वाऱ्यातून पलीकडे जाईपर्यंत पुढचं शीड जुन्या बाजूलाच धरून ठेवा. ते उलटं भरतं आणि नाळ ढकलून देतं. लाटा छोट्या आणि उभ्या असतील तर ही युक्ती जवळजवळ सक्तीची आहे.

१०. इंजिनवर मागे घेताना काय होतं?

जे व्हायला नको ते. पंखा कील आणि सुकाणू यांच्या मधल्या खाचेत आहे. मागे फिरू लागला की त्याचं पाणी सुकाणूवरून वाहत नाही, शिवाय पंखा बोटीचा मागचा भाग एका बाजूला खेचतो. वेग येईपर्यंत सुकाणूला काहीच ऐकू येत नाही. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अरुंद गल्लीत मागे घेणाऱ्या चालकाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मागचा भाग कोणत्या बाजूला खेचला जातो ते मोकळ्या पाण्यात एकदा बघून ठेवा आणि नंतर तीच खोड वापरून घ्या. धक्क्याची कुठली बाजू घ्यायची ते त्यावरून ठरवा. घाई नको आणि मागून जोराचा वारा असताना अरुंद जागेत शिरायचा हट्टही नको.

११. आत किती माणसं राहू शकतात?

झोपायला जागा पाच-सहा जणांना. आरामात राहायचं तर दोघं, फार तर चौघं. पुढे व्ही आकाराची झोपायची जागा, मध्ये बसायचे बाक, जिन्याशेजारी स्वयंपाकाचा कोपरा आणि नकाशाचं टेबल. आजच्या ३६ फुटी बोटींत दोन-तीन बंद केबिन असतात, त्यांच्यापुढे हे किरकोळच.

पण बोट ३० अंश कललेली असताना आत फिरून बघा, मग मत बदलेल. अरुंद जागेत हाताला दर पावलावर धरायला काहीतरी सापडतं, आणि पडलात तरी लांब पडत नाही. बाकावर झोपून कापडी पडदा बांधला की लाटेने खाली लोळायची भीती नाही. बंदरात पाहुणे बोलवायला बोट हवी असेल तर दुसरी बघा.

१२. स्लूप घ्यावी की कटर?

रस्टलर दोन्ही प्रकारांत मिळते. स्लूपला पुढे एक शीड, कटरला दोन. किनाऱ्याजवळ आणि सुटीपुरतं फिरायला स्लूप सोपी. टॅक करताना दोऱ्या कमी, गोंधळ कमी. समुद्र ओलांडायचा असेल तर माझं मत कटरच्या बाजूने आहे. वारा वाढला की सर्वांत पुढचं मोठं शीड गुंडाळून टाकायचं आणि आतल्या छोट्या शिडावर चालत राहायचं. ते डोलकाठीच्या जवळ असतं, त्यामुळे तोल बिघडत नाही, आणि बोट लाटांत थांबवून ठेवायलाही (प्रश्न १४) तेच कामाला येतं.

१३. ‘ही बोट उलटतच नाही’ असं म्हणतात. खरं का?

नाही. आणि असं म्हणणाऱ्यापासून बोट विकत घेऊ नका.

१९७९ च्या फास्टनेट शर्यतीतल्या वादळानंतर उलटण्याचा धोका ताडायला एक साधं सूत्र आलं. रुंदीला वजनाच्या घनमुळाशी तोलायचं आणि उत्तर दोनच्या खाली आलं तर बोट खुल्या समुद्राला ठीक मानायची. रस्टलरचं उत्तर १.७२ येतं. चांगलंच आहे. पण या सूत्राला बॅलास्ट कुठे आहे ते कळत नाही. तेच वजन डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर १.७२ च येईल. म्हणून एवढ्यावर भिस्त ठेवू नये.

शेवटी ठरवते ती लाट. बोटीच्या लांबीच्या निम्म्याहून उंच लाट बाजूने फुटली तर ३६ फुटांची कुठलीही बोट लोळू शकते. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हान डेन हेड यांची रस्टलर केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे १५० अंश लोळली. डोलकाठीला इजा झाली, त्यांनी वर चढून दुरुस्ती केली आणि तशीच बोट घेऊन शर्यत जिंकली. पुढच्याच महिन्यात सुझी गुडॉल यांची रस्टलर दक्षिण प्रशांत महासागरात नाळेवरून उलटली. वेग आवरायला मागे ओढत असलेल्या ड्रोगची दोरी तुटली होती. डोलकाठी गेली आणि एका मालवाहू जहाजाने त्यांना उचललं. दोन्ही वेळा हल, म्हणजे बोटीचं मुख्य कवच, शाबूत राहिला आणि बोट स्वतः सरळ झाली. चांगल्या कीलकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते: डोलकाठी गेली की बोट पुन्हा लोळण्याची शक्यता वाढते. उंच काठीचं जडत्व लोळण्याला विरोध करत असतं, तेच निघून जातं.

१४. मग वादळात करायचं काय?

हिला थांबवता येतं, हा हिचा मोठा गुण. पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला ओढून, मुख्य शीड रीफ करून आणि टिलर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधून ठेवला की बोट नाळ थोडी वाऱ्याकडे करून संथ वाहत राहते. गरम जेवण होतं, झोप मिळते. अनेक फिन कीलच्या बोटींना हे जमवायला खटपट लागते, लांब कीलची बोट लगेच शांत बसते. लाटा फुटू लागल्या की हाही मार्ग संपतो. मग बोटीची पाठ लाटांकडे करून, मागे पाण्यात ड्रोग सोडून लाटांबरोबर पळावं लागतं.

१५. टॉमी २०१८ मध्ये वेगळ्या बोटीवर होते ना? तिचं काय झालं?

होय, ‘थुरिया’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहेली’ची ३२ फुटी प्रतिकृती, गोव्यात बांधलेली. मूळ सुहेली तर आपल्या मुंबईचीच. सागवानात बांधून १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९६९ मध्ये जगाला न थांबता एकट्याने प्रदक्षिणा घालणारी पहिली बोट ठरली. तो प्रवास संपला फालमथला. रस्टलर यॉट्स त्याच गावची.

सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरियाच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. ‘ओझिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना वाचवलं. चार वर्षांनी ते त्याच शर्यतीला रस्टलर घेऊन परत गेले. दोन्ही बोटींची कील लांबच, पण रस्टलर जास्त लांब आणि नंतरच्या काळातल्या अनुभवावर काढलेली आहे.

१६. म्हादेई किंवा तारिणीशी तुलना होईल का?

फारशी नाही. नौदलाच्या या दोन्ही बोटी ५६ फुटी, गोव्यातल्या दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डात बांधलेल्या, डच डिझाइनच्या. वजन रस्टलरच्या तिपटीच्या आसपास, आणि सुकाणू कीलपासून वेगळं. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये म्हादेईवर एकट्याने प्रदक्षिणा केली, टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीवर न थांबता. लांबीमुळे त्या बराच वेगाने जातात. पण त्यांचं एकेक शीड आवरायला जी ताकद लागते, तिचा हिशेब केला की ३६ फुटी बोटीचं मोल कळतं.

१७. मुंबई-कोकणात अशी बोट चालेल का?

बऱ्यापैकी. आपल्याकडे बोटी बहुधा मूरिंगवर, म्हणजे तळाशी नांगरलेल्या बोयाला, बांधलेल्या असतात, त्यामुळे मागे जायची अडचण (प्रश्न १०) जवळजवळ उरतच नाही. किनाऱ्यालगत जाळ्यांचे बोये आणि दोर जागोजागी असतात. सुट्या सुकाणूच्या बोटी त्यांत अडकतात, तर रस्टलरच्या तळाखालून दोर बहुतेक वेळा घसरून जातो.

अडचण दोन ठिकाणी. हिवाळ्यात सकाळचा मतलई वारा पडला की दुपारचा वायव्येचा वारा येईपर्यंत ती तरंगत राहते (प्रश्न ६). गोव्याला जाताना तो वारा पाठीशी असतो, परतताना मात्र तोंडावर. दुसरी अडचण खाडीच्या मुखावरच्या वाळूच्या दांड्यांची. १.६८ मीटर खोली फार नाही, पण लाटेच्या खळग्यात बोट खाली बसते तो हिशेब धरून भरतीलाच आत शिरावं. टेकलीच तर लांब कील सपाट टेकते आणि सुकाणू वाचतं. उधाणाच्या दिवशी ओहोटीला भिंतीशी टेकवून उभी केली तर तळ घासायचं कामही होऊन जातं. पावसाळ्यात मात्र ती काठावर, नारळी पौर्णिमा होईपर्यंत.

१८. जुनी घ्यायची तर काय तपासू?

डोलकाठीला धरणाऱ्या तारा आणि त्या जिथे हलला जोडल्या जातात त्या पट्ट्या सर्वांत आधी. तारांचं वय कागदावर सिद्ध होत नसेल तर त्या बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. मग सुकाणूचं खालचं बिजागर: बोट काठावर असताना सुकाणू हाताने हलवा, खडखड नको. डेकवर चालून बघा, कुठे दबतो का, आणि हलवरचे फोड सर्व्हेअरकडून तपासून घ्या.

समुद्र ओलांडून आलेली बोट बहुधा चांगली, कारण तिच्यावर पैसा आणि लक्ष दोन्ही खर्च झालेलं असतं. याला अपवाद आहे: प्रवास संपवून गरम बंदरात दोन-तीन वर्षं नुसती बांधून ठेवलेली बोट. उन्हाने दोऱ्या, शिडं आणि खिडक्यांची रबरं गेलेली असतात, डिझेलच्या टाकीत गाळ साचतो, आणि तळाचे सीकॉक, म्हणजे हलमधून पाणी आत-बाहेर जायच्या वाटांचे नळ, फिरेनासे होतात. विक्रेता कितीही प्रवासाचे फोटो दाखवो, आधी एकेक सीकॉक उघडून बंद करून दाखव म्हणा.